खाऱ्या पाण्यातलं गाजरगवत

वाळलेले कपडे दोन्ही हातांवर घेऊन मेघा बाल्कनीतून आत आली आणि चौकटीतच थांबली. हॉलमध्ये कोणी नव्हतं. सासूबाई, म्हणजे इंदूबाई, दुपारच्या आडव्या झाल्या होत्या, त्यांच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता. माशांच्या टाकीपुढच्या सतरंजीवर मेघाची दीड वर्षांची लेक रितिका एकटीच बसली होती, पाय पसरून, हात मांडीवर टाकून, काम उरकलेल्या बाईसारखी निवांत. काचेच्या आत तो मातकट मासा दगडाच्या कडेनं तिरका झाला, थबकला, त्यानं चोच पुढे केली, आणि रितिकानं तोंड उघडलं. मासा मागे सरला, तोंड मिटलं. मासा पुन्हा पुढे झाला, तोंड उघडलं. समोर चमचा नव्हता, वाटी नव्हती, घास धरलेला कोणाचा हातही नव्हता. मेघानं कपडे खुर्चीवर ठेवले. आवाज न करता ती मागून वाकली आणि मासा पुढे झाला तेव्हा आपली करंगळी त्या उघड्या तोंडाजवळ नेली. ओठ करंगळीवर मिटले. जिभेनं ती जरा आत ओढली, मग सोडली, आणि घशाखाली गिळल्याची हालचाल झाली. नीट, पूर्ण, काहीही न गिळता. रितिकानं वळून पाहिलंसुद्धा नाही. मेघाला आधी हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण करंगळी गाऊनला पुसतोय, केव्हाची पुसतोय, आणि ती कोरडी होऊनही पुसतोय.

टाकी संघपालची. लग्न होऊन मेघा या घरात आली तेव्हा ती होतीच, लांबरुंद, हॉलची एक भिंत अडवून बसलेली, निळ्या उजेडाची. नवरा उमरेडच्या बाजूला कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर. आठवडाभर तिकडच्या कॉलनीत राहायचा, जमिनीच्या पोटात अंतरं मोजायचा आणि सुटीला घरी आला की कपडे बदलायच्या आधी काचेला नाक लावायचा. समुद्र नागपूरपासून कुठल्याच दिशेनं जवळ नाही. म्हणून तो घरात करायचा. फिल्टरचं पाणी ड्रममध्ये भरून त्यात पोत्यातलं मीठ घोळायचं, रात्रभर पंप फिरवत ठेवायचा, मग काट्यावर खारेपणा मोजायचा. मे महिन्यात माणसांना कूलर आणि माशांना चिलर. लाईट गेली की इन्व्हर्टरवर आधी टाकी, मग ट्यूबलाईट. "मुंबईवाल्यायले समुद्र फुकटात," इंदूबाई म्हणायच्या, "आन् माहा पोरगा घरात खारं पाणी घोळून राहिला. उद्या भातातबी हेच मीठ टाक म्हणन." पण त्याही संध्याकाळी बुद्धवंदना झाली की खुर्ची टाकीकडेच वळवून बसायच्या. मेघाचं त्या टाकीशी काही वैर नव्हतं आणि फार मैत्रीही नव्हती. नवऱ्याच्या बालपणीच्या मित्राशी असावं तसं तिचं होतं, चहापाणी विचारायचं, नावं लक्षात ठेवायची.

ती तपकिरी फुलं कुठून आली हे संघपालला माहीत होतं. एका नव्या दगडाबरोबर आली. दगडावर हिरवट प्रवाळ होतं, त्यासाठी त्यानं तो घेतला, आणि प्रवाळाच्या आडोशाला बोटाच्या पेराएवढं एक रोपटं उभं होतं, पारदर्शक देठाचं, वर बारीक बारीक हातांचा झुबका, पाण्याच्या लाटेबरोबर डोलणारा. मेघाला ते आवडलं होतं. तिनं तसं म्हटलंही. संघपालचा चेहरा पाहून ती गप्प झाली. ते रोपटं नव्हतं, जनावर होतं, आपल्या जागेवर चिकटून बसून दंश करणारं समुद्रफूल, आणि त्याचं लॅटिन नाव त्यानं खाणीतल्या अपघाताचं नाव घ्यावं तसं घेतलं. मग ब्लेड घेऊन त्यानं ते खरवडलं. दोघींना बोलावून दाखवलंसुद्धा, बघा, गेलं. पंपाच्या धारेत त्याचे कण टाकीभर उडाले. थोड्याच दिवसांत जिथं एक होतं तिथं तीन आणि जिथं काहीच नव्हतं तिथं, पंपाच्या मागं, काचेच्या कोपऱ्यात, वाळूतल्या शिंपल्यावर, पिल्लंच पिल्लं. कापलं की वाढतं. प्रत्येक तुकडा पाय रोवतो. "अरे हे तर गाजरगवत झालं," इंदूबाई म्हणाल्या, आणि त्या घरात लॅटिन नाव पुन्हा कोणी घेतलं नाही. संघपालनं पानठेल्यावरून चुना आणून पातळ केला, इंजेक्शनच्या सुईनं एकेकाच्या तोंडात भरला. ती आक्रसून दगडाच्या भेगेत गेली आणि पुढच्या सुटीपर्यंत बाहेर येऊन पुन्हा डोलू लागली. शेजारचं प्रवाळ मात्र त्यांच्या स्पर्शानं कडेकडेनं पांढरं पडत चाललं.

तेव्हा तो मासा आला. सीताबर्डीच्या गल्लीत ताराचंदचं दुकान होतं. ताराचंद गिऱ्हाइकाला मासा विकताना स्थळ सुचवतोय असं वाटायचं. "रंगावर जाऊ नोका भाऊ," तो म्हणाला होता, "दिसाले काहीच नाही, बेसनाच्या पिठल्यासारखा आहे. पण वावरात निंदाले बाई लावल्यासारखं समजा. एकेक उपटून खाते." मासा खरंच कोणाच्या नजरेत भरला नसता. चपटा, मातीच्या रंगाचा, पाठीवर एक काटा, जिथं जाईल तिथल्या दगडासारखं अंग करून घेणारा. दिवा मालवला की प्रवाळाच्या एखाद्या फांदीला चोचीनं धरून झोपायचा, धार त्याला हलवत राहायची आणि तो तोंड सोडत नसे. पहिले काही दिवस तो लपला. मग एका सकाळी तो एका झुबक्यासमोर येऊन थांबला. नुसता थांबला. डोळे दोन बाजूंना वेगवेगळे फिरवत, ते एकमेकांना परके असल्यासारखे. आणि एकाएकी पुढे होऊन त्यानं तो झुबका देठापासून ओढून काढला. इतकं अचानक, की काचेशी बसलेल्या इंदूबाई "अवो माय!" म्हणून मागे झाल्या आणि त्यांच्या मांडीवरच्या रितिकानं आश्चर्यानं आ वासला. इंदूबाईंच्या हातात वरणभाताचा चमचा होता. त्यांनी तो त्या उघड्या तोंडात सारला.

रितिका खात नव्हती. हे एवढंच वाक्य त्या घरात महिनोन् महिने जागं होतं. दुधाखेरीज काही द्यायला सुरुवात केली तेव्हापासून तिचे ओठ मिटलेले. खिमट, पेज, उकडलेला बटाटा, संत्र्याची सोललेली फोड, काहीही समोर आलं की ती मान वळवायची, शांतपणे, दार लावून घ्यावं तशी. इंदूबाई उमरेडच्या अंगणवाडीत जन्मभर सेविका होत्या. त्यांच्या काट्याला झोळीत लटकून किती लेकरं मोजली गेली, किती त्यांच्या हातच्या खिचडीवर चालू लागली. आता घरचीच पोट्टी त्यांच्या हातून खात नव्हती, आणि हा अपमान त्यांना कोणाजवळ बोलताही येत नव्हता. "माह्यासमोर कोणतं लेकरू उपाशी राह्यलं नाही वं," त्या मेघाला म्हणायच्या, आणि वाक्याचा उरलेला भाग मेघा आपला आपण पुरा करायची. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाबरवत नव्हत्या. वजन जिथल्या तिथं आहे, त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला वर सरकलं नाही तर भरती करून तपासण्या करू. भरती हा शब्द त्यांनी इतका हलका उच्चारला की मेघा घरी येईपर्यंत तो हातात धरून होती, कुठं ठेवावा ते न कळून.

माशामुळे सगळं सुरळीत झालं. इंदूबाईंनी रीतच बसवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ सतरंजी टाकीपुढे, रितिका मांडीत, वाटी पदराआड. "मासोई पाह्य, मासोई पाह्य, आता धरते, आता धरते..." मासा पुढे झाला की पोरीचं तोंड उघडायचं, चमचा आत, आणि गिळेपर्यंत मासा पुढच्या झुबक्याकडे. चमच्याकडे ती पाहायचीच नाही. कधी गोड, कधी तिखटाचा हात चुकून लागलेलं, एकदा तर जळका वास लागलेला उपमा, सगळं एकाच चेहऱ्यानं गेलं. पुढच्या खेपेला वजनाचा काटा हलला. डॉक्टरीणबाई हसल्या. इंदूबाई दवाखान्याच्या पायरीवरच मेघाला म्हणाल्या, "ह्या मासोईले आता आपन चांदीच्या वाटीत पाणी पाजू." मेघानं मोबाईल काढून संघपालला फोटो पाठवला, काट्याचा. त्यानं उलट टाकीचा फोटो मागवला. दोघंही आपापल्या ठिकाणी खूश होते.

आणि मग गाजरगवत संपलं. निंदणारी बाई बांधापर्यंत येऊन ठेपली. दगड स्वच्छ झाले, प्रवाळाच्या पांढऱ्या कडांना कोवळा हिरवा रंग परतला, फोनवर संघपालचा आवाज पहिल्या पगाराच्या दिवसासारखा झाला. मासा काही दिवस दगड हुंगत फिरला. कोळंबीचे बारीक गोठवलेले तुकडे पाण्यात सोडले तर बाकीचे मासे तुटून पडायचे, हा नुसता पाहायचा, आणि तुकडा चोचीवरून घसरून वाळूत गेला तरी तोंड उघडायचा नाही. त्याचं पोट आत गेलं. पाठीच्या काट्याखाली एक खाच दिसू लागली. मग तो दगडामागे जाऊन बसला, आणि इकडे सतरंजीवर रितिकानं मान वळवली. तीच मान, तसंच लावून घेतलेलं दार. इंदूबाई काचेवर टिचक्या मारायच्या, "निंघ ना वं बाहेर, निंघ माय," आणि मेघाला कळेना त्या माशाशी बोलतायत की पोरीशी.

संघपालनं ब्लेडनं जी चूक केली होती ती मेघानं रीत म्हणून उचलली. पंपाच्या पाठीशी, जिथं चोच पोचत नव्हती तिथं, एक झुबका तगला होता. लोणच्याची रिकामी काचेची बरणी तिनं उकळत्या पाण्यानं धुतली, टाकीतलं पाणी भरलं, तळाशी दगडाचा एक खडा, हवेची नळी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथं सकाळचं ऊन येऊन निघून जायचं, तिथं ती ठेवली. मग ब्लेडनं त्या जिवाचे बारीक तुकडे केले. कांदा चिरण्यापेक्षा ते सोपं होतं. रोज पाणी बदलायचं, कोळंबीचा कण चिमट्यानं एकेकाला भरवायचा. तो कण लागला की ते इवले हात मिटायचे, आणि मेघाला त्यात एक निखळ समाधान वाटू लागलं, जे तिला घरात दुसरीकडे कुठंच मिळत नव्हतं. हे तरी मिटून घेत होते. महिन्याभरात बरणीत रान माजलं. रोज थोडं रान ती टाकीत सोडायची. मासा बाहेर आला, पुढे झाला, उपटून खाऊ लागला. सतरंजीवर तोंड उघडलं. इंदूबाईंनी बरणी पाहिली, काय आहे ते ओळखलं, आणि त्या शेजारून फोडणीचा डबा उचलून नेताना एवढंच म्हणाल्या, "झाकण लावू नोको, गुदमरन." चुकलेले तुकडे धारेत उडत होते, पंपामागं, शिंपल्यावर पुन्हा पाय रोवत होते, हे मेघाला दिसत होतं. सुटीला आलेला संघपाल थकून झोपायचा. तो पाहीपर्यंत पाहील, असं तिनं मनाशी ठरवलं होतं, किंवा ठरवायचं टाळलं होतं.

त्या दुपारी करंगळी केव्हाच कोरडी झाली होती. मेघा सतरंजीच्या कडेला बसली. लेकीच्या तोंडाकडे ती आता माशाकडे पाहावं तशी पाहत होती, बाहेरून, काचेपलीकडून. तिला आपल्या दहावीचं वर्ष आठवलं. कन्हानचं माहेरचं घर, पुढच्या खोलीतलं टेबल, टेबलावर पुस्तक, आणि शेजारी ताट घेऊन उभी असलेली आई. तुझा वेळ जाऊ नये, आई म्हणायची. पानावरून नजर न काढता मेघा तोंड उघडायची. घास यायचा. सनावळ्या पाठ व्हायच्या आणि पोट भरायचं. काय होतं ताटात ते तिला कधी माहीत नसायचं. पुढे बारावीलाही आई उभी राहिली, एम.कॉम.च्या परीक्षेलाही, तेव्हा मेघाच हसून म्हणाली होती की आता पुरे. पण म्हणेपर्यंत घास घेतला होता. मार्क चांगले पडले. पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर धरमपेठेतल्या हॉटेलात गेली तेव्हा सगळ्या मेन्यूवरून भांडत होत्या आणि तिला विचारलं तर ती म्हणाली, काहीही चालेल. ती लाजत नव्हती, खरंच काहीही चालत होतं. मग साडी, मग नोकरी, मग संघपालचं स्थळ. चांगलं स्थळ होतं, चांगला माणूस निघाला, तिला तक्रार नव्हती. फक्त एकदा, रितिकाच्या वेळी दिवस गेलेले असताना, इंदूबाईंनी प्रेमानं विचारलं होतं, काय खावंसं वाटते वं तुले, सांग, रातच्याला बी करून देतो. मेघा बसून राहिली. आत शोधत राहिली. विहिरीत बादली सोडावी आणि दोर संपावा तसं झालं. शेवटी तिनं चिंच म्हटलं, कारण बायका चिंच म्हणतात.

त्या आठवड्याच्या सुटीला संघपाल झोपला नाही. आंघोळ करून आला आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून काचेशी ओणवा राहिला.

"हे परत कुठून आलं?"

"काय?" मेघा म्हणाली, जरी तिला माहीत होतं.

"गाजरगवत. हे बघ. इथं, अन् हे खाली शिंपल्यावर. हिरव्याची एक बाजू पूर्ण गेली. मागच्या महिन्यात एक नव्हतं!"

इंदूबाई खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. "मले काहून इचारतं? तुह्या बायकोले इचार. लोणच्याच्या बरणीत पिकवून राहिली थे."

संघपाल हसला. मग मेघाचा चेहरा पाहून थांबला. "खरंच?"

"मासा उपाशी मरत होता," मेघा म्हणाली. "तो लपला की ही खात नव्हती."

"मले सांगायचं ना."

"तू नको म्हणाला असतास."

"म्हटलोच असतो," तो म्हणाला. दोघांचंही खरं होतं. त्यानं टॉवेलनं काचेवरचा आपल्या नाकाचा डाग पुसला. रागावण्यात तो मुळात कच्चा होता. "बरं. मासा आहे अजून. करन साफ हळूहळू. फक्त तू आता सोडू नको."

"मासा मी परत देणार आहे."

शेंगा सोलणारे हात थांबले. "आता?" संघपाल म्हणाला. "आता तर तोच पाहिजे! एवढं सगळं कोण खाईन?"

"आन् येत्या हप्त्यात डॉक्टरकडं जाणं आहे," इंदूबाई म्हणाल्या. "वजन होऊ दे, मंग परत दे नाही तर तळून खाय, मी काही म्हणत नाही."

मेघानं त्यांना दुपारचं सांगितलं. चमचा नव्हता, वाटी नव्हती, तोंड उघडत होतं, करंगळी गिळली. दहावीतलं आईचं ताट आणि पुस्तकही सांगितलं. सांगताना तिला वाटलं, हे ऐकून दोघं दचकतील. संघपालनं पोरीकडे पाहिलं. पोरगी टरफलं वेचून डब्यात टाकत होती, मन लावून.

"मंग?" इंदूबाई म्हणाल्या. "तोंड उघडते हे चांगलंच ना! तोंड उघडावं म्हणून मी काय नाही केलं, नाचली बी."

"तिला भूक लागून उघडत नाही आई. मासा हलला म्हणून उघडतं."

"कशानंबी उघडो. पोटात जाऊन राहिलं ना? पोटाले काय समजते, काय दाखवून खाऊ घातलं थे! तुह्या मायनं तुले पुस्तक दाखवलं, म्या मासोई दाखवली. तू वाढली का नाही?"

मेघा वाढली होती. हे बोलणं सरळ होतं, सासूच्या खवचटपणाचा त्यात लवलेशही नव्हता, आणि संघपालचंही सरळ होतं, आणि काट्यावर उभं राहायचं होतं ते पोरीला, मेघाच्या विचारांना नव्हे. उद्या वजन घसरलं, हाताला सुई टोचून पोर दवाखान्याच्या खाटेवर पडली, तर त्या वेळी आपण काय म्हणणार? की तिला माहीत नव्हतं ती काय खाते ते? कोणती आई असं म्हणते? घरातल्या प्रत्येकाजवळ मासा राहावा याचं चांगलं कारण होतं. तिच्याजवळ एक करंगळी होती. "बरं, दोन आठवडे थांब," संघपाल समजुतीनं म्हणाला, "चालेल ना?" आणि तिच्या जिभेवर 'चालेल' आलंच होतं, जन्मभराच्या सवयीनं ओलं.

"मले नाही चालणार," ती म्हणाली.

तिचं तिलाच ते परकं वाटलं, कन्हानच्या बोलीत, लग्नानंतर या घरात पहिल्यांदा. इंदूबाईंनी शेंगांची परात सरकवली. "पोट्टी पडली दवाखान्यात तर मी तुले बोलणार," त्या म्हणाल्या, "आधीच सांगून ठेवतो." "बोला आई," मेघा म्हणाली. संघपाल उठला. तिला वाटलं तो नाराज होऊन आत गेला. तो जाळी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन परत आला.

मासा पकडायला सबंध सकाळ गेली. दगडासारखा होऊन तो दगडाला चिकटायचा, आणि दोघं नवराबायको कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात बुडवून एकमेकांना सूचना देत राहिली. रितिकाला इंदूबाई जिन्यात घेऊन बसल्या होत्या. ऑटोत मेघाच्या मांडीवर पिशवी होती, पायाशी बरणी. पिशवीतल्या पाण्यात मासा प्लास्टिकच्या रंगाचा व्हायचा प्रयत्न करत होता.

"खाते का हा?" ताराचंदनं विचारलं.

"खातो."

"चांगला खाते?"

"खूप."

"मंग परत काहून मॅडम? लोक न खाणारा आणून देते, तुमी खाणारा आणला. नोकर काम करते म्हणून काढला, असं पहिल्यांदा पाहून राहिलो." तो स्वतःच हसला, आणि मेघानं बरणी काउंटरवर ठेवताच त्याचं हसू गेलं. "हे काय आणलं? उचला, उचला! दुकानात नोका, सत्यानाश होते माहा!"

"याचं खाणं आहे. हेच खातो तो."

ताराचंदनं बरणी दोन बोटांनी धरून बाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवली, विंचू न्यावा तशी. मग वाकून आत पाहिलं. झुबके डोलत होते, भरलेले, तकतकीत. "भल्लं माजलं आहे बाप्पा," तो म्हणाला, थोड्या कौतुकानं. "कसं केलं?" मेघानं सांगितलं नाही. मासा हौदात सोडल्यावर तो कुठं गेला ते तिला पाहायचं नव्हतं, पण पाहिलं गेलंच. सवय. तो पाइपच्या मागे जाऊन पाइपसारखा झाला.

पहिल्या दिवशी रितिकानं फक्त दूध घेतलं. सतरंजी इंदूबाईंनी रागानं गुंडाळून माळ्यावर टाकली होती, पण पोरगी जेवणाच्या वेळी टाकीपुढे जाऊन बसली, रिकाम्या फरशीवर, पाय पसरून, आणि दगडाकडे पाहत तोंड उघडून वाट बघत राहिली. दुसरे मासे आले गेले. तोंड तसंच. मेघा स्वयंपाकघरातून ते पाहत होती. त्या उघड्या तोंडात आता चमचा सारणं किती सोपं होतं. इंदूबाई वाटी घेऊन उठल्याही. मेघानं त्यांच्या हातावर हात ठेवला. नुसता ठेवला. इंदूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, वाटी ओट्यावर आपटली आणि त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, खालच्या भाजीवाल्याशी उगाच भांडत. संघपाल उमरेडला परतला होता, त्याचा फोन दर थोड्या वेळानं यायचा. "खाल्लं?" "नाही." "बरं." या बरंमध्ये त्यानं टाकीबद्दल एकदाही विचारलं नाही, हे तिला नंतर, भांडी घासताना जाणवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लेकीला घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. टाकी इथून दिसत नव्हती. समोर एक ताट, ताटात मऊ भात, वरण, तव्यावर परतलेला बटाटा. रितिका कुरकुरत होती, भुकेनं की चिडून, मेघाला ओळखता येईना. दीड वर्ष जिला रात्रंदिवस पाहिलं तिच्या रडण्याचे प्रकार आपल्याला येत नाहीत, हे तिनं तसंच नोंदवलं, दुसऱ्या कोणाबद्दल असावं तसं. चमच्यात वरण कालवलेला भात घेऊन तिनं पुढे केला. "मासोई" नाही, "काऊ" नाही, चिऊ नाही. काहीच म्हटलं नाही. रितिकाचं तोंड आपोआप उघडलं, नजर भिंतीवर, भिंतीवर काही हलतंय का ते शोधत. मेघानं चमचा आत सारला नाही. तिथंच धरला. हात अवघडला, मनगट दुखू लागलं. भिंतीवर काही हललं नाही. मग ती नजर हळूहळू खाली आली. भांबावलेली, रस्ता चुकल्यासारखी. चमच्यावर येऊन थांबली. पोरीनं तोंड मिटलं. चमच्यात काय आहे ते ती पाहत होती, डोळे बारीक करून. भात. पिवळा, ओला, वाफ गेलेला. एक बोट पुढे करून तिनं तो दाबला. बोटाला लागलेलं शीत तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, हुंगलं. तिनं आईकडे पाहिलं, परत चमच्याकडे, आणि मान हलवली.

"नाई," ती म्हणाली.

आतापर्यंत तिनं मान नुसती वळवली होती. उद्या दवाखाना होता. तिनं चमचा खाली ताटात ठेवला. मागे नेला नाही, लपवला नाही, दुसऱ्या हातानं पुन्हा आणला नाही. रितिका थांबली. तिला सवयीनं पुढची चढाई अपेक्षित होती, ती आली नाही. तिनं पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं, ऐकू गेलं का ते पाहण्यासाठी, "नाई."

"बरं," मेघा म्हणाली.

बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इंदूबाईंनी इतका वेळ श्वास धरला असावा.

"खाल्लं का वं तिनं?"

"नाही म्हणाली," मेघानं सांगितलं. ती तिथून हलली नाही. रितिकाही हलली नाही. ताटाच्या काठाला धरून ती ओणवी झाली होती, बटाट्याच्या तुकड्यांवर नजर रोवून, आणि त्यांतला कोणता हे तिचं अजून ठरत नव्हतं.